फोंड्यातलं तीन दिवसांचं साधना शिबिर: जेवण 5 पैकी 5, बाकी वाचा

मावशीला सोबत म्हणून गेलेलो. फी माणशी 2,500, महाराजांचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नकोत. स्टँडवरून रिक्षाने दहा मिनिटं, पार्किंग ठीक.

जेवण मात्र एक नंबर! खतखतं, सोलकढी, गरमागरम भात, आणि वाढणारी पोरं हात जोडून "माउली, अजून थोडं घ्या ना". मावशी एकटी राहते, तिला कोण एवढा आग्रह करतंय, डोळे भरूनच आले तिचे. मला वाटतं माणसं इथे पंगतीतच अडकतात, प्रवचन नंतर.

महाराज 9 ला येणार होते, आले पावणेबाराला. तोवर भजन, मग डोळे मिटून शांत बसा, मग परत भजन, मधेच कोणीतरी धावत येणार "निघाले निघाले" करत. एवढी वाट बघितल्यावर दारातून आमचा वायरमन आला असता तरी अंगावर काटा आला असता हो. आल्यावर डोळे मिटले नि बोल्ले, "डिचोलीच्या एका माउलीचा उजवा गुडघा दुखतोय." मावशी ढसाढसा रडली. अहो पण नोंदणीच्या फॉर्मवर गाव आणि दुखणं मीच भरलेलं, माझ्याच अक्षरात!

तिला सांगितलं तर म्हणे सगळे बाबा सारखे नसतात. बरं. पण ओशो 1981 ला पुण्याहून अमेरिकेत गेले, ओरेगॉनमध्ये शिष्यांनी अख्खं गाव वसवलं, 93 रोल्स रॉइस जमल्या, आणि 1984 ला त्यांच्याच काही माणसांनी, निवडणुकीत तिथल्या लोकांना मतदानाला जाता येऊ नये म्हणून, हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला कालवला, 751 जण आजारी पडले. पुढे गुरू म्हणाले मला काहीच माहीत नव्हतं, सगळं सेक्रेटरीने केलं. ती माणसंपण आधी अशीच गोड असणार की, वाढणाऱ्या पोरांसारखी.

नुसतं भजन पाहिजे तर वास्कोला दामोदराच्या सप्ताहाला जा, 24 तास अखंड, फी नाही नि फॉर्मपण नाही.

मावशीने 'लेव्हल टू'चे 11,000 भरले, ऐकत नाही. चष्मा सापडेना म्हणून फॉर्म परत माझ्याकडेच आला. दुखण्याच्या रकान्यात मी यावेळी 'दाढ' लिहिलंय. मावशीला दहा वर्षं झाली कवळी आहे.