के-लाँगच्या पानावरून: पीडीजीलाइव्ह या सेवेचे परीक्षण

मूलकणांची मापने संकलित करणाऱ्या ‘पार्टिकल डेटा ग्रुप’ची पीडीजीलाइव्ह ही मोफत ऑनलाइन सेवा मी पदव्युत्तर वर्गाला मूलकणभौतिकी शिकवताना नेमाने वापरतो. तिचा कस पाहायचा असेल तर दीर्घायुषी उदासीन केऑनाचे (केऑन हा एक अल्पजीवी कण), म्हणजेच के-लाँगचे, पान उघडावे. 1964 मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत क्रोनिन, फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाच कण हजारांत सुमारे दोनदा दोन भारित पायॉनांत (केऑनाहून हलक्या कणांत) क्षय पावताना, म्हणजे रूपांतरित होताना, आढळला आणि सीपी ही सममिती (कणांच्या जागी प्रतिकण घेऊन आरशातील प्रतिमा पाहिली तरी निसर्गनियम तेच राहतात, हे तत्त्व) अभंग नसल्याचे उघड झाले. त्या क्षयाचे प्रमाण आज या पानावर सुमारे अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेने मिळते.

त्याच तक्त्यात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीत होणारा क्षय आहे: एक लाख कोटी केऑनांमागे सुमारे नऊ. हा आकडा 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातील अवघ्या चार घटनांवर उभा आहे, आणि म्हणूनच त्याच्याशेजारी अधिक सहा व उणे चार अशी मोठी अनिश्चितता छापलेली आहे. आकड्यामागचा मूळ शोधनिबंध तेथूनच गाठता येतो, ही सोय मला फार मोलाची वाटते. म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) आणि इलेक्ट्रॉन एकत्र निघणारा क्षय मात्र कोणालाच दिसलेला नाही; तो लाख कोटींत पाचांहूनही कमी असला पाहिजे, एवढीच मर्यादा दिली आहे. प्रमाण प्रतिकृतीत, म्हणजे मूलकणांच्या आजच्या सर्वमान्य सिद्धान्तात, तो जवळजवळ अशक्य असल्याने त्याची एक निःसंशय घटनासुद्धा नव्या भौतिकीची खूण ठरेल.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचा सचोटीचा हिशेब. वेगवेगळ्या प्रयोगांचे निकाल आपापसांत जुळत नसतील, तर सरासरीची अनिश्चितता ठरलेल्या सूत्राने वाढवली जाते आणि तो गुणकही तक्त्यात दाखवला जातो. सरासरीतून वगळलेली मापनेसुद्धा वेगळ्या शीर्षकाखाली जपलेली असतात.

नवख्या वाचकाला मात्र हे पान जड जाईल. मोजलेले मूल्य आणि ‘याहून कमी’ ही मर्यादा एकाच स्तंभात येतात, मर्यादेची विश्वासपातळी (ती किती खात्रीची आहे, हे) टक्क्यांत वेगळी दिलेली असते, आणि ‘एलएफ’सारख्या खुणांचा (ही खूण म्यूऑन-इलेक्ट्रॉनसारख्या, लेप्टॉन-कुलाची संख्या न जपणाऱ्या क्षयांची) अर्थ शोधावा लागतो. म्हणून वर्गात मी आधी त्या खुणाच समजावून सांगतो आणि मगच विद्यार्थ्यांना आकड्यांकडे वळू देतो.