शिवजयंती ते दसरा: स्वस्त डिले पेडल वापरून काय कळलं

डिले पेडल म्हणजे गिटारच्या सुराचे पडसाद, म्हणजे रिपीट, थोड्या वेळाने परत ऐकवणारा पायाजवळचा डबा. माझं बिघडलं, आणि विक्रेत्याची शेवटची मेल परवा आली. पेडल बाहेर उघडलेलं आहे, त्यामुळे वॉरंटी रद्द, कुरियरचा खर्च मिळणार नाही. विषय त्यांच्या बाजूने संपला, म्हणून आता मोकळेपणाने लिहितो.

कंपनीचं नाव देत नाही. दिलं तरी उपयोग नाही, कारण हेच सर्किट डब्याचा रंग बदलून कितीतरी नावांनी विकलं जातं. तीन नॉब, एक फूटस्विच, मुठीत मावेल एवढा डबा, आणि जाहिरातीत ‘अ‍ॅनालॉग डिले, ६०० मिलिसेकंद’. आत पीटी२३९९ ही चिप. आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्या पोरांकडे यातलंच काहीतरी दिसतं. स्वस्तात दुसरं फारसं मिळत नाही, आणि चांगलं पेडल हातात घेऊन वाजवून बघायचं तर कोल्हापूर, हुबळी नाहीतर गोव्याची वाट धरावी लागते.

आधी त्या ‘अ‍ॅनालॉग’ शब्दाचं बघू. पीटी२३९९ ही तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची चिप. कराओके मशिनात एको द्यायला जी वापरतात, तीच. आवाज आत आला की त्याचे आकडे होतात, ते मेमरीत जातात आणि थोड्या वेळाने परत आवाज होऊन बाहेर पडतात. म्हणजे सरळ डिजिटल. खऱ्या अ‍ॅनालॉग डिलेत बकेट ब्रिगेड चिप असते, सिग्नल एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात ढकलला जातो. १९८१ चं बॉसचं डीएम-२ किंवा २००८ साली आलेलं एमएक्सआर कार्बन कॉपी त्या जातीचं. तेव्हा जाहिरातीतला शब्द खोटा आहे. घेणाऱ्याला हे आधी माहीत असायला हवं.

आवाजाबद्दलचं मत मात्र मधेच बदललं. सुरुवातीला घरी वाजवताना रिपीट मळके वाटायचे, वरची धार गेलेली. वैशाखातल्या शिवजयंतीला आमच्या गल्लीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा स्टेजवर लावलं तेव्हा कळलं की तो मळकेपणाच कामाचा आहे. गायिका पुढे, कीबोर्डवर स्ट्रिंग्ज चालू, ऑक्टोपॅडच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या, झांजा वरून कोसळतायत. अशा गर्दीत चकचकीत रिपीट गाण्याच्या शब्दांवर चढले असते. हे मागे बसले. सोलोत दोन-तीन रिपीट, लेव्हल निम्म्याच्या खाली, टाइम (रिपीट किती वेळाने यायचा ते) तीनशे मिलिसेकंदांच्या आसपास, एवढ्यात गिटार भरल्यासारखी वाटते आणि साउंडवाला ओरडत नाही. याचे पूर्ण मार्क.

आता टाइमचा नॉब. बाकी सगळं एका बाजूला आणि हा एका बाजूला.

डब्यावर आकडे नाहीत. नॉबभोवती ठिपकेसुद्धा नाहीत, फक्त पांढरी रेघ. साडेदहाच्या काट्यावर काय आहे ते घड्याळ लावून, रेकॉर्डिंग करून मोजावं लागतं. हिशेब सोपा आहे: ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके), म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. १२० च्या गाण्याला ५००. मात्रेच्या पाऊण भागावर रिपीट हवा असेल, म्हणजे तो उड्या मारणारा एको, तर ४५,००० भागिले बीपीएम. १२० ला ३७५. आणि इथेच हे पेडल उघडं पडतं. चिपच्या डेटाशीटमधला तक्ता ३४२ मिलिसेकंदांपर्यंत जातो. ३१ मिलिसेकंदांना डिस्टॉर्शन ०.१३ टक्के, ३४२ ला १ टक्का. त्यापुढे टाइम वाढवायचा म्हणजे चिपचं घड्याळ, तिचा आतला ठोका, आणखी हळू करायचं, आणि मग रिपीटमध्ये खरखर आणि सुसाट हिस. ४५,००० ला ३४२ ने भागून बघा: साधारण १३२ बीपीएमच्या खालच्या कुठल्याही गाण्यात पाऊण मात्रेचा डिले या चिपच्या बऱ्या पट्ट्याबाहेर पडतो. आमच्या यादीतली बहुतेक गाणी १३२ च्या खालीच आहेत. जाहिरातीतले ६०० मिलिसेकंद मिळतात, पण ते वाजवण्यालायक नाहीत.

दादऱ्यात हे चित्र उलटं होतं, आणि याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून जरा थांबतो. यूट्यूबवरचे सगळे डिलेचे धडे चार मात्रांच्या गाण्यांवर असतात. आपल्याकडे अर्धी गाणी दादऱ्याच्या चालीची. तिथे पायाचा एक ठोका तीन मात्रांत मोडतो. त्याच्यावर पाऊण ठोक्याचा रिपीट टाकला की तो ढोलकीच्या प्रत्येक थापेच्या मधे जाऊन पडतो आणि सगळंच लंगडतं. दादऱ्याला ठोक्याचा एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश घ्या. ठोका ८० चा असेल तर ७५० मिलिसेकंद, त्याचा तिसरा हिस्सा २५०. हा आकडा चिपच्या स्वच्छ पट्ट्यात बसतो. लेव्हल कमी ठेवून २५० वर दोन रिपीट लावले की ढोलकीच्या जोडीला दुसरी गिटार असल्यासारखं वाटतं. हे पेडल मला सगळ्यात जास्त इथेच आवडलं.

पण २५० वरून ३७५ वर जायचं कसं? वाकून, अंधारात, दोन गाण्यांच्या मधल्या निवेदनात. मी व्हाइटनरने नॉबच्या कडेला तीन टिपके दिले, तरी केसाएवढा फरक पडला की रिपीट घसरतो. शिवाय ऑक्टोपॅडवाला गर्दी रंगात आली की टेम्पो वाढवतो. त्याच्या पडद्यावर १२० दिसत असतं, पुढच्या अंतऱ्याला १२६ झालेलं असतं. गणपतीत तर हे रोजचं. ३७५ चा रिपीट ३५७ ला हवा असतो, आणि दोन्ही हात गिटारवर. म्हणून म्हणतो, आपल्यासारख्या लाइव्ह वाजवणाऱ्याने डिले घेताना आवाज दुसरा, टॅप टेम्पो (पायाने ठोका देऊन टाइम लावायची सोय) पहिला. घरी बसून रेकॉर्डिंग करणाऱ्याला ही अडचण येत नाही, त्याने खुशाल स्वस्तातलं घ्यावं.

आता बिघाड. बेळगावचा पाऊस कोणाला सांगायला नको. आषाढात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तिथे उघड्या तोंडाचा स्वस्त पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) किती टिकणार? श्रावण लागला तसा टाइमचा नॉब फिरवला की रिपीट मधेच घोगरा होऊन खोल विहिरीत पडल्यासारखा खाली जायचा. पुढे पुढे तर न फिरवताही. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला, त्यांनी पेडल मागवून घेतलं, कुरियर माझ्या खर्चाने. परत आलं तेव्हा चिठ्ठी: चालू स्थितीत आहे. त्यांच्या कोरड्या टेबलावर असेलही. माझ्याकडे पहिल्याच संध्याकाळी तोच आवाज.

गणपती तोंडावर आले होते. खडे बाजाराजवळ जुने रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी मागची चार स्क्रू काढली, नॉबवर बोट ठेवून दोनदा फिरवलं आणि म्हणाले, “ह्याचा पॉट गेलाय की. बाकी कायबी नाही.” ५० के (किलोओहम) चा लिनिअर पॉट, किंमत चहा-भज्यांएवढी. पण त्यांनी नुसता पॉट बदलला नाही. मूळ जोडणीत पॉटचे दोनच पाय वापरले होते, तिसरा मोकळा. मधला पाय पट्टीवरून सुटला की वाट पूर्ण तुटते, चिपचं घड्याळ कोसळतं आणि तोच विहिरीतला आवाज येतो. मामांनी मोकळा पाय मधल्या पायाला एका छोट्या तारेने जोडला. आता धूळ बसून संपर्क सुटला तरी रेझिस्टन्स ५० के च्या वर जात नाही. टाइम घसरेल, पण पेडल किंचाळणार नाही. दोन इंचांची तार आणि एक टाका. कारखान्यात हे फुकटात झालं असतं. याचा राग मला पॉट खराब होण्यापेक्षा जास्त आहे.

दुरुस्तीनंतर सगळा गणेशोत्सव निघाला. आता नॉबची खरखर नाही.

पॉवरबद्दल थोडंच. अशा चिपचं घड्याळ आणि ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल) एकाच डेझी चेनवर, म्हणजे एका अडॅप्टरच्या अनेक तोंडांच्या वायरीवर, ठेवलं तर गेन वाढवल्यावर बारीक शिट्टी ऐकू येते. डिलेला वेगळा अडॅप्टर द्या किंवा आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) घ्या. ९ व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह, हे बघितल्याशिवाय कीबोर्डवाल्याचा अडॅप्टर उचलून लावू नका. मंडपात जनरेटर असेल तर हे दुप्पट पाळा.

मग घ्यायचं काय? मी बॉस डीडी-३टी वर येऊन थांबलोय. मूळ डीडी-३ १९८६ चं, ८०० मिलिसेकंदांचं, कोरडं आणि नेमकं. २०१९ च्या टी मॉडेलमध्ये टॅप टेम्पो आला. पेडल दाबून धरून पायाने ठोका देता येतो, किंवा टेम्पो जॅकला बाहेरचा फूटस्विच लावता येतो. त्याच वर्षीच्या डीडी-८ मध्ये ११ मोड आहेत, पण मला त्यातले दोन पुरतील आणि उरलेल्या नऊंचे पैसे का मोजायचे? कार्बन कॉपीचा आवाज या सगळ्यांत मला जास्त गोड लागतो, पण साध्या मॉडेलला टॅप नाही. पाच आकडी पैसे देऊन परत व्हाइटनरचे टिपके द्यायचे नाहीत.

डीडी-३टी च्या रिपीटांना धार जास्त आहे, आणि वर लिहिलं तसं स्टेजवर मला मळके रिपीट सोयीचे पडले. ही एकच शंका उरली आहे. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत कोणाकडे ते असेल तर सांगा. माझी गिटार आणि अ‍ॅम्प घेऊन येतो, दादऱ्यात २५० वर आणि केरव्यात ३७५ वर, दोन गाणी वाजवून बघायची आहेत.