फवारणी आणि यकृत: क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व की हातमोजे?

कापसावरील फवारणीचा जोर वाढला की जळगाव-धुळ्याकडे मेडिकलच्या दुकानात 'लिव्हरसाठी काहीतरी द्या' अशी मागणी हमखास होते आणि बहुधा ई जीवनसत्त्वाची ४०० मिलीग्रॅमची कॅप्सूल किंवा क जीवनसत्त्वाची ५०० मिलीग्रॅमची चघळायची गोळी हाती पडते. या दोहोंत काय निवडावे, आणि तेच पैसे हातमोज्यांवर घालावेत का, याचा हा आढावा आहे.

क्लोरपायरीफॉससारखे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशक शरीरात गेले की यकृतातील विकरे (एन्झाइम) त्याचे अधिक विषारी 'ऑक्सॉन' रूप तयार करतात आणि पुढे त्याची विल्हेवाटही लावतात. या धावपळीत निर्माण होणारे मुक्त मूलक (फ्री रॅडिकल, म्हणजे अस्थिर रेणू) पेशींच्या आवरणातील स्निग्धांशावर हल्ला करतात, पेशींना जपणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा आटतो आणि रक्तातील एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारे विकर) वाढते. ई जीवनसत्त्व स्निग्धांशात विरघळत असल्याने ते त्या आवरणातच उभे राहून हल्ला अडवते. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, पेशीच्या जलीय भागात काम करते आणि वापरून निकामी झालेल्या ई जीवनसत्त्वाला पुन्हा कामाचे करते. त्यामुळे कागदावर तरी ही जोडी एकट्या-दुकट्यापेक्षा सरस ठरते.

उंदरांवरील प्रयोगांतही जीवनसत्त्वे दिलेल्या गटात यकृताची हानी कमी आढळते, पण ती पूर्णपणे टळत नाही. शिवाय तेथे जीवनसत्त्व बहुधा विषाच्या आधी किंवा सोबतच दिलेले असते आणि मात्रा वजनाच्या दर किलोमागे २०० मिलीग्रॅमपर्यंत जाते. उंदीर आणि माणूस यांच्यातील फरक हिशेबात धरूनही ६० किलोच्या माणसासाठी ही मात्रा १,९०० मिलीग्रॅमच्या आसपास येते, तर प्रौढांसाठी पूरक ई जीवनसत्त्वाची वरची मर्यादा १,००० मिलीग्रॅम मानली जाते. म्हणजे प्रयोगातील परिणाम एका कॅप्सूलमध्ये मिळेल असे समजणे धाडसाचे आहे.

फवारणी करणाऱ्याच्या शरीरात विष मुख्यतः त्वचेवाटे शिरते. पाठीवरचा पंप झाकणाशी गळतो, सदरा ओला होतो आणि तो दिवसभर अंगावरच वाळतो. नोझल तुंबले की ते तोंडाने फुंकले जाते. हातमोजे नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) हवेत, कारण कापडी हातमोजे फवारणीचे औषध शोषून ते हाताशी धरून ठेवतात, आणि तसे मोजे घालण्यापेक्षा हात वारंवार साबणाने धुणे बरे. माझ्या मते पहिला खर्च हातमोजे, गमबूट आणि पंपाच्या वायसरवर व्हावा; जीवनसत्त्व आत आलेल्या विषाशी झुंजते, मोजे त्याला आतच येऊ देत नाहीत.

उरलेल्या पैशात क जीवनसत्त्वासाठी गोळीऐवजी आवळा, पेरू आणि मेहरूणची बोरे घ्यावीत. केळीच्या मुलुखात हे सांगणे जिवावर येते, पण केळ्यात क जीवनसत्त्व फारसे नसते. नंदुरबारची मिरची हिरवी असताना या बाबतीत श्रीमंत असते, मात्र वाळवल्यावर त्यातले बरेचसे निघून जाते. ई जीवनसत्त्व शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या तेलातून रोज मिळते.

तरीही गोळी घ्यायचीच असेल, तर रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी ई टाळावे आणि मूतखडा झालेल्यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा टाळाव्यात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीन असलेल्या मिश्र 'अँटिऑक्सिडंट' कॅप्सूल घेऊ नयेत, कारण फिनलंडमधील २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला. रोजंदारीवर हंगामभर फवारणाऱ्या मजुराने मात्र एसजीपीटीसोबत कोलिनएस्टरेजची (या कीटकनाशकांमुळे निकामी होणाऱ्या, मज्जासंस्थेच्या कामाच्या विकराची) तपासणी हंगामाआधी आणि मध्यावर करून घ्यावी, कारण एसजीपीटी ठीक असतानाही विषाचा परिणाम मज्जासंस्थेवर झालेला असू शकतो. फवारताना घाम, लाळ, उलटी किंवा धूसर दिसणे सुरू झाले, तर कोणत्याही जीवनसत्त्वाचा उपयोग नाही. कपडे काढून अंग धुवावे आणि फवारणीच्या औषधाची बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे, जेथे या विषावरील उतारा अ‍ॅट्रोपिन मिळते.