ड्रायर तापत होता, शिव्या हीटरला दिल्या, निघाली माझीच जाळी (दहा महिने वापरून)

गेल्या जूनमध्ये कपडे वाळवायचा ड्रायर घेतला. सहा किलोचा, ओली गरम हवा पाइपनं भिंतीबाहेर टाकणारा, हीटर २००० वॅटचा. का घेतला ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. जुलैत एकदा झड लागली की सगळं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडं कान लावून, पाणी इशाऱ्याच्या ३९ फुटांवर गेलं का, धोक्याच्या ४३ ला टेकतंय का, आणि घरात दोरीवरची जीन्स चौथ्या दिवशी पण दमटच, वर तो कुबट वास. पोरीचा युनिफॉर्म तर इस्त्री फिरवून फिरवून वाळवायचो आणि ती तसाच गारढोण घालून शाळेत जायची.

पहिले दोन महिने म्हणजे नाद खुळा. तासाभरात टॉवेल कडक वाळून बाहेर, तेही मऊ. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि जाताना त्यांच्या दोन चादरी ठेवून गेल्या.

ऑगस्टच्या शेवटी तासाचा दीड तास झाला, मग पावणेदोन. मी म्हटलं हवाच एवढी दमट आहे, मशीन तरी काय करणार. ही पहिली चूक. कपडे उशिरा वाळतायत पण हाताला मात्र आधीपेक्षा जास्त गरम लागतायत, हे दोन्ही एकदम होतंय म्हटल्यावर तेव्हाच डोक्यात ट्यूब पेटायला पाहिजे होती. जीन्सचं बटण काढताना बोट पोळलं, मशीनच्या वरच्या पत्र्यावर तळहात टिकेना, आणि इस्त्री कापडावर विसरल्यावर येतो तसा वास यायला लागला. तरी मी आठवडाभर वापरतच होतो, कारण पाऊस थांबत नव्हता. मग एका संध्याकाळी ड्रम फिरतोय पण हवा गार. हीटर बंद.

पहिला मेकॅनिक आला, मागचं झाकण न उघडताच म्हणाला हीटर गेला, अख्खा सेट बदलायचा. दुसऱ्यानं निदान उघडून तरी बघितलं, म्हणाला थर्मल फ्यूज उडालाय, वायर डायरेक्ट करून देतो, पाच मिनिटांचं काम, पैसे पण नकोत. मी हो म्हणणारच होतो, पण रविवार होता आणि दाजी मिसळ खायला आले होते. दाजींचं आयुष्य उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये गेलंय. ते तर्री पुसत उठले, "पाव्हणं, डायरेक्टच चालवायचं असतं तर कंपनीनं फ्यूज घातलाच कशाला?"

तो फ्यूज एकदाच उडतो, परत जोडला जात नाही. आतली उष्णता हाताबाहेर गेली की हीटरचा करंट तोडायचा एवढंच त्याचं काम. तो काढून वायर जोडली तर मशीन चालू होईल, पण पुढच्या वेळी थांबवणारं कोणी नाही.

दाजींनी प्लग काढला आणि मल्टिमीटर लावला. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर म्हणजे साधारण २६ ओहम दाखवायला पाहिजेत, तेवढे दाखवले. मग एक टोक हीटरच्या टर्मिनलला, दुसरं पत्र्याला, कारण कॉइल सैल होऊन पत्र्याला टेकली असेल तर थर्मोस्टॅटनं (तापमान बघून हीटर बंद-चालू करणारा स्विच) बंद केला तरी हीटर तापतच राहू शकतो. तसंही काही नव्हतं. म्हणजे पहिल्या मेकॅनिकनं जो सेट बदलायला सांगितला तो हीटर ठणठणीत. फ्यूज खरंच उडालेला, पण दाजी म्हणाले तो मेला कशानं ते शोधा, नाहीतर नवा पण मरेल.

मशीन पुढं ओढलं. मागं पाइप भिंतीत आणि मशीनमध्ये चेपून पापडासारखा चपटा झालेला. पॅसेजमध्ये मशीन पुढं येतंय म्हणून बायकोनं कटकट केली होती, तेव्हा मीच ते मागं रेटलं होतं. बाहेर भिंतीला जिथं पाइपचं तोंड आहे तिथं झुरळं नि पारवे नकोत म्हणून मी बारीक मच्छरजाळी ठोकलेली, स्वतःच्या हातानं, वर कौतुक पण करून घेतलं होतं. त्या जाळीवर आतून कपड्यांचा लव्हा, म्हणजे सुटलेले बारीक धागे, बसून बसून घोंगडं झालं होतं. नखानं कोपरा उचलला तर अख्खी गोल चकती निघून आली, राखाडी, ओलसर, बोटभर जाड, मध्ये पोरीचा केसांचा रबर. एवढ्यातनं हवा जाणार कुठनं?

खेळ सगळा हवेचा आहे. पंखा हवा ओढतो, ती हीटरवरनं तापून ड्रममध्ये येते, कपड्यातलं पाणी घेते आणि बाहेर पडते. बाहेरची वाट बंद झाली की हीटरवरनं हवाच पुरेशी सरकत नाही, उष्णता तिथंच साठते, थर्मोस्टॅट हीटर सारखा बंद-चालू करत बसतो. म्हणून कपडे उशिरा वाळतात आणि आतला लव्हा भाजतो. जळका वास त्याचाच, आणि तो लव्हा पेटतो पण झटकन.

आता घडीचा फॉइल पाइप काढून ॲल्युमिनियमचा कडक पाइप टाकलाय, आखूड, एकच वळण. तोंडाला जाळी नाही, हवेनं उघडणारी झडप. फ्यूज त्याच तापमानाचा नवा, सोबत थर्मोस्टॅट पण बदलला, कारण तोही महिनाभर भाजून निघाला होता. मशीन भिंतीपासून वीतभर पुढं. बायको अजून ठेचकाळते, पण गप्प आहे.

दारातला फिल्टर मी दरवेळी झटकायचो, तिथं माझी चूक नाही असं वाटत होतं. दाजींनी तो नळाखाली धरला तर पाणी जाळीवर तसंच साचून राहिलं. कपड्यांना वासाचं सॉफ्टनर वापरतो त्याचा चिकट थर, डोळ्यांना दिसतच नाही. साबण लावून जुन्या टूथब्रशनं घासला, मग पाणी धाडकन खाली.

प्लगचं पण सांगतो. हा जवळपास ९ अँपिअर ओढतो, १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा. मी आधी साध्या एक्स्टेंशनवर लावला होता, त्याची पिन पिवळी पडली होती.

आणखी एक, हे खास आपल्याकडचं. भाचा तालमीत जातो, त्याचे तेलाचे पंचे धुऊन आमच्याकडं वाळायला यायचे. बंद. धुतलं तरी तेल पूर्ण निघत नाही, आणि तेलकट कापड गरम ढिगात पडून राहिलं की स्वतःच आणखी तापत जाऊन पेटू शकतं. तसंच मध्येच लाईट गेली तर कपडे आत ठेवू नका, शेवटची गार हवेची दहा मिनिटं झालेली नसतात, बाहेर काढून पसरा.

आता परत पंचावन्न मिनिटांत लोड निघतो. मीटरवर बघितलं तर एका लोडला दोन युनिटच्या आतबाहेर, तुंबलेला असताना तीनच्या जवळ जायचं. आवाज आहे, रात्री लावला तर खालचे ओरडतात. पाचपैकी चार देतो. एक कापला असता मॅन्युअलवर, पण परवा उघडून बघितलं तर बाहेरच्या तोंडाला जाळी लावू नये असं चित्रासकट छापलंय, त्यामुळं तो एक आवाजासाठी कापतो.

दाजींनी पाइप साफ केल्याची तारीख मशीनच्या मागं भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवलीय. खाली आता मेच्या शेवटची लिहायची आहे, पाऊस यायच्या आत.