बिल्डरूट ८ महिने वापरल्यावर: अपडेट मागे घेतलं त्या रात्रीसकट

वरूडजवळ आमचा संत्र्याचा बगीचा. बोअरपाशी एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवलाय. तो ओल मोजणाऱ्या नोड्सकडून एमक्यूटीटीवर (उपकरणांनी एकमेकांना छोटे निरोप पाठवायची पद्धत) आकडे घेतो आणि ठिबकचे व्हॉल्व्ह उघडतो. त्याचं लिनक्स मी घरीच बिल्डरूटने बांधतो (छोट्या बोर्डांसाठी सोर्सपासून पूर्ण लिनक्स तयार करणारं साधन), मित्राकडून २०२०.०२ आवृत्तीची जुनी प्रत घेतली होती. इमेज (कार्डावर चढवायची पूर्ण सिस्टीमची फाइल) आटोपशीर, बोर्ड झटक्यात उठतो. त्याबाबत तक्रार नाही.

जानेवारीत, आंबिया बहाराचा ताण तोडायच्या दिवसांतच, मला अपडेटची हौस आली. मोस्किटो (एमक्यूटीटीचे निरोप पोचवणारा प्रोग्राम) १.६ वरून २.० वर, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.१.१ वरून ३ वर. दोन्ही एकाच कमिटमध्ये (गिटमधली बदलांची एक नोंद), हा माझा शहाणपणा. रात्री बाराला लाईन आली, मोटार सुरू झाली, व्हॉल्व्ह एकही उघडेना. बाबा मोटार बंद करून वावरातून आले: "काऊन रे, पाणी काऊन नाई येऊन रायलं?"

गिट रिव्हर्ट मारून ती नोंद उलटवली, पुन्हा बांधायला मेक दिलं. मिनिटभरात संपलं, तेव्हाच शंका यायला हवी होती. कार्डावर मोस्किटो २.० च! बिल्ड फोल्डरात १.६ चं जुनं काम 'झालं' असं सांगणाऱ्या शिक्क्यांच्या फाइल्ससकट पडून होतं, त्यामुळे बिल्डरूटच्या लेखी ते बांधून झालेलं. टार्गेटमधल्या (ज्या फोल्डरातून इमेज बनते त्यातल्या) नव्या फाइल्सही तो आपणहून काढत नाही. लायब्ररी मागे गेली तरी तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस पुन्हा बांधत नाही. शेवटी मेक क्लीन करून सगळं पहिल्यापासून, पहाटेपर्यंत. क्लीन डाउनलोडच्या डीएल फोल्डरला हात लावत नाही म्हणून वाचलो. नाहीतर आमच्या गावच्या रेंजवर सोर्सचे टारबॉल उतरवता उतरवता दुसरी रात्र उजाडली असती.

खरं कारण चार दिवसांनी सापडलं. मोस्किटो २.० ला कॉन्फिगमध्ये लिसनर (कुठे ऐकायचं ते सांगणारी ओळ) दिला नाही तर तो फक्त त्याच बोर्डावरच्या प्रोग्रामचं ऐकतो, आणि लिसनर दिला तरी वेगळं सांगितल्याशिवाय पासवर्ड नसलेल्या कोणाला आत घेत नाही. दोन-चार ओळींचं काम. ओपनएसएसएल ३ बिचारं विनाकारण मागे गेलं, तेही सप्टेंबर २०२३ पासून सुधारणा बंद झालेल्या १.१.१ वर.

आता दोन्ही पुन्हा घेतलीत, वेगवेगळ्या कमिटमध्ये. चालणाऱ्या इमेजचं एक कार्ड बोअरच्या पेटीत डबीत ठेवलंय. मार्चमध्ये मी नागपूरला असताना बाबांनी ते एकदा बदललंही, मला फोन न करता.