कापसाच्या बोळ्यावर उतरलेल्या माइसेनच्या तलवारी

टेरीनच्या झाकणाला डाव लागला आणि आवाज बद्द आला. टेरीन म्हणजे सूप वाढायचं गोल पोटाचं, झाकणाचं मोठं भांडं. आमची आजी माठ घेताना टिचकी मारून कान द्यायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला की गुपचूप खाली ठेवायचा. हे लहानपणापासून बघितलेलं असूनही तो आवाज मी ऐकला तो पैसे मोजून, ३१ नग घरी आणून, कपाटात लावून झाल्यावर तिसऱ्या दिवशी. झाकण तडकलेलं होतं, सांधून वर रंग दिला होता. आणि पुढे जे बाहेर आलं त्यापुढे ते झाकण काहीच नव्हतं.

आम्ही नऊ वर्षं जर्मनीत ड्रेस्डेनला राहतो. इथून लोकल गाडीने माइसेन, पोर्सेलीनच्या म्हणजे उंची चिनी मातीच्या भांड्यांचं गाव, तासाभराच्या आत येतं. त्स्विंगर राजवाड्यातला पोर्सेलीन संग्रह मी पाहुणे आले की दाखवायला नेते, स्वतः एकटीही जाते. तिथल्या काचेमागची भांडी बघून आपल्याकडेही एक सेट असावा, दिवाळीच्या जेवणाला त्यात वाढावं, ही इच्छा बरीच जुनी. नवीन माइसेन परवडणारं नाही, म्हणून जुन्याच्या शोधात होते. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये एक जाहिरात दिसली : आजीच्या वारशातला माइसेन सेट, कांद्याची नक्षी, ३१ नग, १,६०० युरो. फोटोत एक ताटली पालथी घातलेली, मागे निळ्या फुलीसारख्या दोन तलवारी, म्हणजे माइसेन कारखान्याची खूण.

विकणारे गृहस्थ सत्तरीचे. स्वच्छ घर, टेबलावर पांढरा टेबलक्लॉथ, त्यावर कॉफीचा एक जुना डाग. त्यांनी मला केक दिला आणि गोष्ट सांगायला बसले. ब्योटगर नावाचा तरुण किमयागार सोनं बनवतो म्हणाला, सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्ट याने त्याला पहाऱ्यात ठेवलं, सोनं काही झालं नाही. पण चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या जोडीने प्रयोग करता करता १७०८ मध्ये पांढरं पोर्सेलीन साधलं, जे तोवर चीन-जपानकडच्या पूर्व आशियालाच येत होतं. १७१० मध्ये माइसेनच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात कारखाना निघाला. किल्ल्यात का, तर कृती बाहेर फुटू नये म्हणून. मग हेरोल्टने रंग आणले, केंडलरने आकार घडवले, ब्र्यूल या सरदारासाठी हंसांच्या नक्षीचा दोन हजारांहून जास्त नगांचा सेट केला. ते सांगत होते आणि मी मध्येच फोनवर पडताळून बघत होते. एकेक शब्द खरा निघाला.

माझी चूक नेमकी इथे झाली. गोष्ट खरी निघाली म्हणून मी भांडी खरी धरली. मी पडताळला तो इतिहास. समोरच्या ३१ नगांपैकी उलटून बघितले फक्त चार, तेही त्यांनी हातात दिलेले.

कांद्याच्या नक्षीबद्दल त्यांनी जे सांगितलं नाही ते मी नंतर शिकले. ही नक्षी माइसेनमध्ये १७४० च्या सुमारास चिनी नमुन्यांवरून आली. काठावर जे कांदे दिसतात ती खरं तर डाळिंबं आणि पीच. युरोपात ती फळं ओळखीची नव्हती, त्यामुळे लोकांनी त्यांना कांदे म्हटलं आणि तेच नाव रुळलं. नक्षी इतकी गाजली की जर्मनीतल्या आणि बोहेमियातल्या (आजच्या चेकियातल्या) कितीतरी कारखान्यांनी ती उचलली, आणि तेव्हा त्यांना कोणी अडवू शकत नव्हतं. खुद्द माइसेन गावात टाइशर्ट नावाचा कारखाना होता, तो आपल्या मालावर ‘माइसेन’ असं गावाचं नाव छापायचा. बोहेमियातल्या डुबी गावात १८८५ पासून हीच नक्षी होऊ लागली. हा सगळा माल आपापल्या शिक्क्याखाली प्रामाणिकच आहे. मूळ कारखान्याने ओळख पटावी म्हणून १८८८ च्या सुमारास एक गोष्ट सुरू केली : ताटलीच्या मधोमध वेल ज्या बांबूला वेढलेली असते, त्या बांबूच्या बुडाशी तलवारींची छोटीशी खूण रंगवायची. म्हणजे माल उलटून बघायचीही गरज नाही, वरच दिसते.

माझ्या ३१ नगांपैकी २९ च्या नक्षीत ती खूण नव्हती. केक खाता खाता मी ती नक्षी अर्धा तास बघत होते.

झाकणाच्या आवाजानंतर मी सगळे नग जेवणाच्या टेबलावर पालथे घातले आणि दिव्याखाली एकेक तिरपा धरला. खऱ्या मालावर तलवारी झिलईच्या खाली असतात. एकदा भाजलेल्या, सच्छिद्र भांड्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने त्या काढतात, मग झिलईत बुडवून सुमारे १,४०० अंशांच्या भट्टीत घालतात. वरून बोट फिरवलं तर काचेसारखं सपाट लागतं. माझ्या ताटल्यांवर नख अडकलं. तलवारींच्या भोवती रुपयाएवढं एक वर्तुळ होतं, तिथली झिलई घासून काढलेली. ओठ टेकवला तर खरखरीत लागत होतं. नेलपॉलिश काढायचं द्रव्य कापसाच्या बोळ्यावर घेऊन त्या खुणेवर धरलं. दहा-बारा सेकंदांत कापूस निळा झाला आणि तलवारी गेल्या. खाली नुसता पांढरा, खरवडलेला गोल उरला. भट्टीतून निघालेल्या निळ्या रंगाला हे द्रव्य काहीही करू शकत नाही.

नवरा शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही, पुढची ताटली माझ्या हातात दिली. अशा आम्ही २९ पुसल्या.

राहिलेल्या दोन खऱ्या होत्या, आणि त्यांतही लबाडी होती. कारखाना दोष असलेल्या मालावर तलवारींवरूनच आडव्या रेघा कोरतो, हा दुय्यम प्रतीचा माल आहे हे कळावं म्हणून. या दोन्हींवर त्या रेघा होत्या, पण वार्निश भरून बुजवलेल्या. फोटोतली ताटली यांतलीच एक.

एका लिलावगृहातल्या जाणकार बाईंना मी सगळं दाखवलं. त्यांनी सॉसच्या भांड्याच्या तळाशी भिंग धरलं. तिथे घासणाऱ्याने घाई केली होती, जुन्या शिक्क्याची दोन अक्षरं अर्धवट उरली होती. त्या म्हणाल्या, बोहेमियाचं असावं, हाताने रंगवलेलं, चांगलं काम आहे. मला त्या क्षणी पैशांपेक्षा जास्त वाईट याचं वाटलं. कुणीतरी बसून ही वेल एका सलग फटकाऱ्यात ओढली होती, त्याच्या कारखान्याचं नाव खाली होतं, आणि दुसऱ्याने ते कानशीने पुसून टाकलं.

मूळ शिक्का घासून काढायचा आणि वर तलवारी काढायच्या, हा धंदा जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकात आमच्या याच ड्रेस्डेनमध्ये हेलेना वोल्फसोन यांच्या रंगकामाच्या कारखान्यातून ऑगस्ट राजाच्या नावाची ‘ए आर’ ही जोडाक्षरी खूण घातलेला माल जायचा. माइसेनने कोर्टात जाऊन तो थांबवला. बर्लिनच्या शाही कारखान्याच्या बाबतीतही सावध राहा. त्यांची खूण राजदंड. त्यांच्या नावाची ‘के पी एम’ ही आद्याक्षरं नुसती सायलेशियातल्या क्रिस्टर कारखान्याच्या मालावरही असतात, आणि विकणारा ‘बर्लिनचं आहे’ म्हणतो.

आता कायद्याचं, कारण तिथे मी सगळ्यात कच्ची पडले. जर्मनीत खाजगी विक्रेता ‘हमी नाही, परत घेणार नाही’ असं लिहू शकतो. पण दोष माहीत असून लपवला असेल तर नागरी संहितेच्या कलम ४४४ प्रमाणे ते वाक्य त्याला वाचवत नाही, आणि कलम १२३ प्रमाणे फसवून केलेला करार रद्द करता येतो. मुदत फसवणूक कळल्यापासून एक वर्ष. हक्क होता, हातात कागद नव्हता. मी रोख पैसे दिले होते. पावतीवर त्यांनी लिहिलं होतं : ‘जुनी भांडी, निळी-पांढरी, ३१ नग.’ माइसेन हा शब्दच नाही. जाहिरात दुसऱ्या दिवशी काढून टाकलेली, आणि तिचे दोन फोटो सोडले तर मी काही साठवून ठेवलं नव्हतं. पोलिसांत तक्रार दिली. विकणाऱ्या गृहस्थांनी तिथे सांगितलं, मलाही वारशात असंच मिळालं, मला काय माहीत. पाच महिन्यांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयाचं पत्र आलं, हेतू सिद्ध होत नसल्याने प्रकरण बंद.

म्हणून सांगते, जाहिरातीचं पूर्ण पान तारखेसकट साठवा. पावतीवर कारखान्याचं नाव लिहून घ्या. लिहायला कां-कूं केलं तर तिथूनच उठा, केक अर्धा राहिला तरी चालेल. प्रत्येक नग स्वतः उचलून उलटा, नख फिरवा, टिचकी मारा. आणि जमलं तर आधी एकदा माइसेनच्या कारखान्याची कार्यशाळा बघून या. मी फसल्यावर गेले. तिथे रंगवणाऱ्या बाईंनी कोरड्या भांड्याला कुंचला टेकवला आणि निळा रंग पाणी प्यायल्यासारखा आत गेला. तो एकदा बघितला की वरून काढलेली खूण डोळ्यांना लगेच खुपते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं : गेल्या आठवड्यात लाइपझिगजवळच्या एका गावातली जाहिरात मैत्रिणीने पाठवली. आजीचा वारसा, कांद्याची नक्षी, २६ नग. टेबलक्लॉथवर तोच कॉफीचा डाग, त्यावर तीच पालथी ताटली. ती ताटली माझ्या कपाटात आहे. मी तिचा फोटो काढला, रेघा दिसतील असा, आणि दोन्ही फोटो जुन्या तक्रारीचा क्रमांक घालून पोलिसांना पाठवले आहेत.