पेंटिंगचा क्लास की प्रिंटमेकिंगचा? मराठवाड्यातून निवड करताना

चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा झाली, ग्रेड चांगली आली, घरच्यांनी कौतुकही केलं. पण स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र या परीक्षेच्या चौकटीबाहेर हात कसा वाढवायचा, हे बीड-परभणी-नांदेडकडे कुणी फारसं सांगत नाही. हातात थोडे पैसे आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस असतील, तर पेंटिंगचा क्लास लावावा की प्रिंटमेकिंगचा, म्हणजे ठोकळ्यावर किंवा प्लेटवर चित्र तयार करून कागदावर त्याचे ठसे घेण्याचा?

माझं मत आधीच सांगतो. समोरची वस्तू बघून तिचा रंग आणि छाया-प्रकाश उतरवणं अजून जमत नसेल, तर पेंटिंग. ते बऱ्यापैकी जमतं, पण चित्रं सगळी एकसारखीच होऊ लागली असतील, तर प्रिंटमेकिंग, आणि त्यातही आधी लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर चित्र कोरून घेतलेला ठसा.

पेंटिंगच्या चांगल्या क्लासमध्ये खरं शिक्षण डोळ्यांचं होतं. काळ्या मातीचा रंग काळा नसतो, पावसानंतर तो जांभळट दिसतो आणि उन्हात तपकिरी. हे ट्यूबमधला काळा लावून कळत नाही. म्हणून चौकशीला जाल तेव्हा एकच गोष्ट बघा: मुलं मोबाइलवरचा फोटो उतरवताहेत की समोर मांडलेली वस्तू, बसलेला माणूस, बाहेरचं झाड? नुसते फोटो उतरवणारा क्लास हात साफ करून देतो, नजर देत नाही. थोरांच्या चित्रांची नक्कल मात्र वेगळी, तिला मी कमी लेखणार नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून अनेक वर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. तुम्हाला तर अजिंठा जवळ आहे. पहिल्या आणि सतराव्या लेण्यात वही घेऊन जा. आकृतीची बाह्यरेषा कशी वळते आणि गडद पार्श्वभूमीवर उजळ शरीर कसं पुढे येतं, एवढंच टिपून आणलं तरी क्लासमधले पुढचे धडे सोपे जातील.

रंगवताना निर्णय लांबणीवर टाकता येतो. तैलरंगात आठवड्याने परत येऊन गालावरची सावली बदलता येते. लिनोला ही मुभा नाही. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं; काढलेला दगड परत बसवता येत नाही, त्यामुळे काय ठेवायचं हे छिन्नी लावण्याआधी ठरवावं लागतं. लिनोकटचं शिक्षण याच जातीचं आहे. कोरलेला भाग कागदावर पांढरा राहतो, उरलेला शाई घेतो, आणि सगळं आरशातल्यासारखं उलटं उमटतं. मधला करडा रंग नसतोच. तो हवा असेल तर रेषांच्या दाटीतून तयार करावा लागतो. रोलरने शाई पसरायची, कागद ठेवायचा, चमच्याच्या पाठीने घासायचं, आणि एक कोपरा उचलून बघायचं. मग आणखी कोरायचं, पुन्हा ठसा घ्यायचा. रंगांच्या आड लपलेलं कच्चं रेखाटन इथे उघडं पडतं, म्हणूनच अडकलेल्या चित्रकाराला याचा मोठा उपयोग होतो. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची रेखाटनं करणारे चित्तप्रसाद पुढे मुंबईत राहिले. कष्टकरी माणसांचे आणि मुलांचे त्यांचे लिनोकट दुष्काळ पाहिलेल्या आपल्या भागातल्या चित्रकाराने जरूर बघावेत. काळ्या-पांढऱ्यात किती सांगता येतं, हे त्यातून कळतं.

शिवाय एका ठोकळ्यातून दहा ठसे निघतात. खाली पेन्सिलने ३/१० (दहापैकी तिसरा) असा क्रमांक आणि सही केली की प्रत्येक ठसा मूळ कलाकृतीच असतो. एक ठसा विकता येतो, एक मित्राला देता येतो, आणि तरीही आपल्याकडे उरतो.

अडचण आहे ती एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा खोदून घेतलेला ठसा) आणि लिथोग्राफीची (दगडावर तेलकट खडूने काढलेल्या चित्राचा ठसा). एचिंगला दाबयंत्र (प्रेस), जस्ताची किंवा तांब्याची प्लेट, अ‍ॅसिड आणि हवा खेळती राहील अशी खोली लागते. हे घरी करायचं काम नाही, करूही नका. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात किंवा कुठल्याही खासगी क्लासमध्ये विचाराल तेव्हा "प्रिंटमेकिंग शिकवता का?" एवढ्यावर थांबू नका. प्रेस चालू आहे का, बाहेरच्या माणसाला ती वापरता येते का आणि एका बॅचमध्ये किती जण असतात, तेही विचारा. जवळपास सोय नसेल तर मुंबई, बडोदा किंवा भोपाळकडच्या छोट्या कार्यशाळेवर नजर ठेवा. मुंबईला देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोचता येतं. अशा कार्यशाळेला जाण्याआधी घरी लिनोवर हात बसवून घेतला, तर तिथला वेळ हत्यार कसं धरायचं हे शिकण्यात जाणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर कॅनव्हास आणि तैलरंग संपत जातात, पुन्हा घ्यावे लागतात. लिनोची हत्यारं आणि रोलर एकदा घेतले की बरीच वर्षं पुरतात. पुढे लागतो तो लिनो, शाई आणि कागद. हत्यार मात्र धारदार ठेवा आणि दुसरा हात नेहमी त्याच्या मागे असू द्या, पुढे नाही.

दोन्हींपैकी कुठलीही बॅच एप्रिल-मेमध्ये असेल तर सकाळची मागून घ्या. आपल्याकडच्या दुपारी जलरंगाचा वॉश (पातळ रंगाचा थर) पसरायच्या आत सुकतो आणि पाण्यावर चालणारी शाई रोलरवरच वाळते.